चामड्याचा तळ

पाय घसरला तो एवढाच, वीतभर. सुई-लानने पालेभाजी धुताना स्वयंपाकघराच्या दाराशी पाणी सांडले होते. त्यावर मेई-हाच्या नव्या बुटाचा तळ पडला आणि पोरीचे डावे पाऊल पुढे सुटले. तिने टेबलाची कड धरली, हसली, आणि "बघ आ-फो, मी कशी जाते ते!" असे आजीला म्हणून मुद्दाम आणखी एकदा पाय सरकवून दाखवला. काही झाले नाही. टेबलावरची बशीसुद्धा हलली नाही. खाली दुकानात हातोडीचे ठोके होते तसेच चालू होते, कलकत्त्याच्या बेंटिंक स्ट्रीटवरून ट्राम गेली, तिच्या घंटेने खिडकीची काच नेहमीसारखी थरथरली. पण सत्तर वर्षांची न्युक-यिन पलंगाच्या काठावर बसली होती तिथून तिला उठता येईना. दुपारचे दोन वाजले होते. संध्याकाळी सातला सियालदाहून गाडी. उद्या सकाळी सिलिगुडी, आणि तिथून वर, कर्सियांगच्या त्या डोंगरात, जिथे पाऊस आला की चार महिने घर सोडत नाही आणि दगडसुद्धा हिरवे होतात.

पलंगावर लोखंडी ट्रंक उघडी होती. मेई-हा नऊ वर्षांची, न्युक-यिनच्या मुलाची, चुंग-मिनची, एकुलती एक मुलगी. ती मार्च ते नोव्हेंबर आता वरच राहणार होती. शाळेने छापील यादी धाडली होती. लोकरी मोजे सहा जोड, मेणकापडाचा कोट, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, आणि मग पायांचे सगळे: गमबूट दोन जोड, काळे बूट रबरी तळाचे, नेहमीपेक्षा एक माप मोठे, खाली जाड रेघ मारलेली. ती रेघ बघून चुंग-मिन आठवड्यापूर्वी दुकानात गिऱ्हाइकासमोर हसला होता. "ही यादी करणाऱ्या मेमला विचारा, चामडं कशाशी खातात. रबर! पाय काय भाजीचा देठ आहे, रबरात बांधून ठेवायला?" त्याची बायको सुई-लान टांगऱ्याच्या चामडं कमावणाऱ्यांच्या घरची, तिच्या जिभेला माहेरचा चुना लागलेला. ती म्हणाली होती, "आमच्या घरी चामडं कमावतात. तुमच्या घरी त्याची पूजा करतात." दहा दिवस संध्याकाळनंतर एकटा बसून त्याने तीन जोड केले: काळे बूट, पोटरीपर्यंतचे उंच बूट चरबी चोळलेले, घरातल्या सपाता. वासराचे मऊ चामडे, मेणाच्या दोऱ्याची शिवण, टाका टाक्याला शिवतो म्हणावे तर शिवत नव्हता. आणि तळ? आरशासारखा. त्यावर पितळी चुकांनी पोरीचा शाळेतला नंबर ठोकलेला, चौऱ्याऐंशी. त्याने आयुष्यात इतके चांगले बूट केले नव्हते. हे न्युक-यिनला दिसत होते; चांभाराच्या घरात पन्नास वर्षे काढलेल्या बाईला ते दिसणारच. तेच तर वाईट होते.

या घरात बाहेरचा बूट कधी आला नाही. नववर्षाच्या पहाटे प्रत्येकाच्या पलंगाखाली घरचा नवा जोड ठेवायचा हा रिवाज. तो तिच्या नवऱ्याने, लिऊ सेन-फोंगने, चीनहून येऊन जहाजातून उतरला त्या वर्षापासून पाळला होता. माप घ्यायचे ते संध्याकाळी, दिवसभर उभे राहून पाय फुलला की, तपकिरी कागदावर अनवाणी उभे करून. पेन्सिल कानामागून काढायची आणि बोटांच्या खाचांतून फिरवायची, गुदगुल्या झाल्या तरी हलायचे नाही. आणि मग कलबूत, ज्यावर बूट शिवतात तो लाकडी पाय, त्या रेघेपेक्षाही थोडे आवळ घ्यायचे. "चामडं ऐकतं," सेन-फोंग म्हणायचा, "पंधरा दिवस त्याला पाय सांगायचा, मग ते जन्मभर विसरत नाही." कलकत्त्याच्या घामात ते ऐकायचेही. मोजे इथे घालतो कोण? पण वर डोंगरात दोन-दोन लोकरी मोज्यांत पाय कोंबायचा असतो, आणि ओले चामडे कुणाचे ऐकत नाही. ते सुकले तर आखडते आणि भिजले तर साबण होते. हे कलकत्त्यातल्या कुठल्याच चिनी चांभाराला ठाऊक नव्हते, कारण त्यांच्यातला कुणी पावसाळ्यात त्या डोंगरावर चाललाच नव्हता. चालली होती ती सेन-फोंगची मुलगी.

युन-मोई तेव्हा दहा वर्षांची. अडतीस साल. चुंग-मिनचा जन्म व्हायचा होता. मिशनच्या कुणी बाईने सुचवले, सेन-फोंगच्या मनात भरले, गल्लीत पहिलीच मुलगी वर शिकायला चालली. त्यानेही दहा रात्री बसून बूट केले होते. तेही असेच, आरशाच्या तळाचे. तेव्हा न्युक-यिनला चांगलेच वाटले होते, पोरीचे पाय त्या बुटांत दोन काळ्या माशांसारखे दिसत होते. मग मे महिन्यात पत्र आले. सेन-फोंगला आकडे येत, मापे येत, अक्षर येत नसे. न्युक-यिनचा बाप खेड्यात पोरांना शिकवायचा, त्याच्या पाठीमागे बसून ती वाचायला शिकली होती. तेव्हा पत्र आले की तो कामावर मान खाली घालून बसे आणि ती स्टुलावर बसून मोठ्याने वाची. त्या दिवशी दुकानात दोघे-तिघे शेजारीही होते. तिने वाचायला सुरुवात केली. जेवणात रोज बटाटा असतो. धुके खिडकीतून आत येते. सिस्टर चांगल्या आहेत. आणि त्याखाली, पोरीच्या गोल अक्षरात: आ-मे, बूट फार लागतात, दोन मोज्यांवर पाय जात नाही म्हणून मी एकच घालते, पायऱ्यांवर सारखी घसरते, सगळ्यांकडे रबरी आहेत, पण आ-पाला सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

ती ओळ तिने ओलांडली. आवाज न बदलता, श्वास न घेता, डबके ओलांडावे तशी. आणि डबक्यापलीकडे पाऊल टाकायला काहीतरी हवे म्हणून म्हणाली, "बूट छान आहेत, सगळ्या मुली विचारतात कुणी केले." सेन-फोंगचा हात आरीवर थांबला. तो वर बघत नसे, त्याने वर बघितले. "परत वाच," तो म्हणाला. तिने परत वाचले. नसलेली ओळ दुसऱ्यांदा वाचायला पहिल्यापेक्षा सोपी जाते. त्याने ती शेजाऱ्यांना ऐकवली, मग गल्लीभर ऐकवली, पत्र घडी घालून मापांच्या कागदांत जपून ठेवले. मनात तिने म्हटले, पोरीनेच सांगितलेय, सांगू नको म्हणून. मी तिचेच तर ऐकतेय. पावसाळ्याआधी काहीतरी करू. जाणाऱ्या-येणाऱ्या कुणाबरोबर कापडी बूट धाडू, त्याला कळू न देता. करू, धाडू. उत्तरात तिने लिहिले, थोडे दिवस सोस, चामडे ऐकते. जूनच्या विसाव्या तारखेला प्रार्थनाघराच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून युन-मोई पडली ती सतरा पायऱ्या खाली थांबली. मांडीचे हाड जुळले, पण आखूड जुळले.

दवाखान्यातली ती खोली. पत्र्यावर पाऊस असा की बोलायचे तर ओरडावे लागे. सेन-फोंग ओला कोट अंगात ठेवूनच खाटेशी उभा राहिला. त्याला माया दाखवता येत नसे, तो रागावला. "तूच लिहिलंस ना, बूट छान आहेत म्हणून? मग असले बूट घालून पडतेस कशी? धावत असशील." युन-मोईने बापाकडे बघितले नाही. उशीवरची मान वळवून तिने आईकडे बघितले. किती वेळ? एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढा. आणि मग म्हणाली, "हो. धावत होते." बस्स. त्या एका घोटापाशी न्युक-यिन चाळीस वर्षे थांबली होती. पोरीला कळले होते का? की ताप होता, की पावसाने नीट ऐकूच गेले नव्हते? लेकरू बघते आईकडे, दुखत असले की बघतेच, त्यात काय. दिवसा तिला हे पटे. पुढे घरात तीच गोष्ट चालू राहिली: युन-मोई पडली कारण युन-मोईचे पाऊल चंचल. मुलगी बघायला आलेल्यांना सेन-फोंग आपण होऊन सांगे, "पोरगी चांगली आहे, पाऊल तेवढं चंचल." चंचल पावलाची, आखूड पायाची मुलगी कुणी नेली नाही. तिने केस कापायला शिकून पार्लर काढले, चांगले चालवले, आणि बापाच्या देखत, चांभाराची मुलगी असून, रबरी चपला फटफटवत घरात यायला लागली. सेन-फोंग तोंड फिरवून घेई. तो गेला तेव्हा मापांच्या कागदांत ते पत्र निघाले. न्युक-यिनने ते नवऱ्यासाठी जाळायच्या सोनेरी कागदांच्या ढिगात सरकवून दिले. जाळ झाला तेव्हा तिला वाटले होते, आता संपले. पण जाळलेला कागद मेलेल्याला पोचतो म्हणतात; आता तर तो वर जाऊन ते वाचूही शकेल असे वाटून ती रात्रभर जागी राहिली होती.

"आ-फो." मेई-हा जवळ आली होती. पलंगावर बसून तिने बूट काढले, यादीतले लोकरी मोजे दोन-दोन चढवले आणि पाय परत आत घालायला लागली. घातला. ओठ दाताखाली धरून घातला. मग आजीच्या कानाशी तोंड आणले. तिच्या तोंडाला सुक्या आलुबुखाऱ्याचा वास येत होता. "लागतात गं. बोटं दुमडून ठेवावी लागतात. पण आ-पाला सांगू नकोस हां. त्याने किती केलंय, त्याला वाईट वाटेल."

घरात मुली जन्माला येतात आणि ही एक ओळ कुठून शिकून येतात? न्युक-यिनला वाटले, कुणी शिकवत नाही. आपण शिकवतो. जेवताना, बोलताना, न बोलताना शिकवतो. ती उठली. स्वयंपाकघरात सुई-लान प्रवासाच्या भाताला पाने गुंडाळत होती.

"तू बोल ना त्याच्याशी. बुटांचं," न्युक-यिन म्हणाली.

"मी? मी बोलले तर टांगऱ्याची, बाहेरून आलेली. सिलिगुडीपर्यंत मी गेले असते तर तिथेच रबरी घेतले असते, आणि हे खोक्यात घालून परत आणले असते. पण नेणार ते." सुई-लानने दोरा दाताने तोडला. "तुम्ही बोला, आ-मे. तुमचं ऐकतात."

"माझं नाही ऐकत. चामडं ऐकतं म्हणतो."

"मग चामड्याला सांगा," सुई-लान म्हणाली, आणि दोघीही हसल्या नाहीत.

जिन्याच्या तोंडाशी न्युक-यिन उभी राहिली. खाली अकरा पायऱ्या, मग दुकान, दुकानात मुलगा. अकरा पायऱ्या उतरून काय म्हणायचे? बूट आवळ आहेत. तो म्हणणार, पंधरा दिवसांत सैल होतील. तळ घसरतो. तो म्हणणार, आ-पाचे बूट चाळीस वर्षांत कुणाचे घसरले? आणि तिथे ती ओळ आडवी पडलेली असणार, आणि या वेळी ओलांडायला पाय उचलत नव्हता. घड्याळात सव्वातीन झाले. तिने कठडा धरला, सोडला. एवढ्यात खालून पावले ऐकू आली: एक हलके, एक जड, मध्ये फटकन चपलेचा आवाज, परत एक हलके. युन-मोई. पन्नास वर्षांची, केस अजून काळे कुळकुळीत, हातात बदामाच्या बिस्किटांचा पुडा. तिच्या मागोमाग चुंग-मिन, मेणाने काळी झालेली बोटे फडक्याला पुसत.

"कुठाय आमची मेमसाहेब?" युन-मोई दारातूनच म्हणाली. "आली नोव्हेंबरात की काटा-चमच्याने भात खाईल आणि आम्हाला विचारेल, तुम्ही कोण?"

"आ-कू, मी काट्याने नूडलही खाऊन दाखवीन!"

"दाखव, दाखव. आधी केस दाखव. हे कुणी कापले? आईने? तरीच."

"फुकट कापले मी," सुई-लान आतून म्हणाली.

"दिसतंय."

चुंग-मिन हसत होता. त्याचा चेहरा दहा रात्रींनी उतरला होता आणि त्या हसण्याने उजळला होता. "आ-ची, केस सोड, पाय बघ," तो बहिणीला म्हणाला. "मेई-हा, चाल बघू. खिडकीपर्यंत."

मेई-हा चालली. खिडकीपर्यंत गेली, वळली, परत आली. बोटे आत दुमडलेली असताना माणूस कसे चालते ते न्युक-यिनला दिसत होते: टाच जपून, गुडघा ताठ, आणि चेहऱ्यावर हसू. युन-मोई बिस्किटांचा दोरा सोडत होती, तिचा हात थांबला.

"कसे आहेत?" चुंग-मिनने विचारले.

"छान," मेई-हा म्हणाली. "सगळ्या मुली विचारतील कुणी केले."

खोली वीतभर घसरली. "खोटं बोलतेय ती," न्युक-यिन म्हणाली. स्वतःचा आवाज तिला इतका मोठा वाटला, पत्र्यावर पाऊस असल्यासारखा. "लागतात तिला. मोज्यांवर जात नाहीत. मघाशी इथे एवढ्याशा पाण्यावर घसरली. हे बूट घालून तिला वर न्यायचं नाही."

मेई-हाने आजीकडे बघितले. फितुरी झाल्यावर बघतात तसे. तिचे डोळे भरले.

"नवे आहेत," चुंग-मिन म्हणाला. "पंधरा दिवसांत—"

"पंधरा दिवसांत काही होत नाही. युन-मोईला तीन महिने झाले होते."

ट्राम गेली. चुंग-मिनने फडके खांद्यावर टाकले. "त्याचा इथे काय संबंध? आ-ची धावत होती."

"धावत नव्हती. तुझ्या आ-पाचे बूट असेच होते. तिने पत्रात लिहिलं होतं, लागतात, घसरतात. मी वाचलं नाही. तुझ्या बापाला वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली. बूट छान आहेत असं वाचलं. तसं लिहिलेलं नव्हतं." सांगायला एवढेच होते. चाळीस वर्षे तिला वाटत होते, हे सांगायला एक आख्खी रात्र लागेल.

"तू..." चुंग-मिनचा चेहरा लाल झाला, आणि एकदम लहान मुलासारखा झाला. "आ-पा मरेपर्यंत ती ओळ सांगत होते. मला सांगत होते. मी ते ऐकून या धंद्यात..." तो बहिणीकडे वळला. "आ-ची, तुला हे माहीत होतं?"

युन-मोईने दोरा गुंडाळून बोटावर घेतला होता. "दवाखान्यात आ-पा म्हणाले ना, तूच लिहिलंस, बूट छान. मी तसं लिहिलंच नव्हतं. दहा वर्षांची होते रे, खुळी नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? पत्र वाचणारी घरात एकच होती."

तर कळले होते. त्या एका घोटात सगळे कळले होते. न्युक-यिनला वाटले होते, हे कानावर पडेल तेव्हा आपण कोसळू. ती कोसळली नाही. पलंगाशी उभी राहिली, आणि गुडघे दुखत होते ते तसेच दुखत राहिले. लेकीच्या तोंडाकडे बघायचा धीर मात्र तिला झाला नाही.

चुंग-मिन मुलीपुढे जमिनीवर बसला. गिऱ्हाइकापुढे बसतो तसा, एक गुडघा टेकून. अंगठ्याने त्याने बुटाचे टोक दाबले. सरावाचा अंगठा तो. चामड्याखाली काय आहे ते त्याला दिसल्यासारखे कळे. बोटे दुमडलेली होती. त्याने अंगठा तिथेच ठेवला, बराच वेळ. "केव्हापासून?" त्याने विचारले. "पहिल्यांदा घातले तेव्हापासून," मेई-हा हुंदका देत म्हणाली, आणि सुई-लान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चुंग-मिनने नाड्या सोडल्या, बूट काढले, जोड जुळवून पलंगाखाली सरकवला. उठला. खिडकीतून समोरच्या बाजूला गमबूट आणि कापडी बूट दारावर टांगलेले ते दुकान दिसत होते, ज्याच्या मालकाशी बाप-लेक मिळून तीस वर्षे बोलले नव्हते.

"एक माप मोठे," तो म्हणाला. "की दोन?"

"एक," युन-मोई म्हणाली. "मोज्यांवर एक. आणि तळाला खाचा बघून घे. उथळ नकोत."

तो जिना उतरला. खालून दुकानाचे दार वाजले. मेई-हा अजून मुसमुसत होती, मोज्यांतले पाय हवेत हलवत, बोटे उघडत-मिटत. युन-मोई तिच्या शेजारी बसली, आखूड पाय पुढे पसरून. तिने पोरीचे पाऊल उचलून मांडीवर घेतले आणि बोटे चोळायला लागली, एकेक बोट, पार्लरमध्ये मन लावून काम करावे तशी.

"ऐक," ती म्हणाली. "वर गेल्यावर काही टोचलं, लागलं, ओलं राहिलं, कुणी बोललं, तर लिहायचं. कुणाला वाईट वाटेल ते बघायचं नाही, ते आम्ही बघू. आणि पत्र मला पाठवायचं. पार्लरच्या पत्त्यावर."

"आ-फोला नको?"

युन-मोईने मान वर केली आणि आईकडे बघितले. एक घोट पाणी प्यायला लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ.

"आ-फोचे डोळे थकले आता," ती म्हणाली. "मी येऊन वाचून दाखवीन तिला. मोठ्याने. एकूण एक ओळ."